माझ्याच अक्षरातली नोंद

वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, उशाशी शंभर पानी वही असायची. कॅन्सर हाडांत पोचला होता. इंदूरच्या डॉक्टरांनी दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी लिहून दिली होती. मनावर गावातल्या आमच्या घरी आल्यापासून प्रत्येक गोळीची वेळ मी त्या वहीत टिपत असे.

घरात ‘मॉर्फिन’ कुणी म्हणत नसे. ‘अफीमची गोळी’च म्हणत. माळव्यात अफीमच्या चिकाची ओळख करून द्यावी लागत नाही. मंदसौर-नीमचकडे खसखशीच्या बोंडांना दुपारी चिरा देतात, सकाळी चीक खरवडतात. नीमचच्या सरकारी कारखान्यात त्यापासून औषधाचा कच्चा माल होतो. माझी आत्या नीमचलाच दिलेली. अफीमपायी बसलेली घरं तिनं पाहिली होती.

चौथ्या आठवड्यात अप्पा दिवसभर पेंगू लागले. मला काकांच्या नावानं हाक मारत. “मानला पूर आलाय, गुरं सोडा,” म्हणत. महिना मार्चचा, मान नदीत घोटाभर पाणी. आत्या म्हणाली, “दादाचं डोकं त्या गोळीनं गेलं. बंद कर बघू.” मी बंद केली.

त्या रात्री अप्पा चादर मुठीत पिळत राहिले. घाम, थरथर, आणि बरळणं दुप्पट. पहाटे डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “लघवी किती होते?” फारच कमी होत होती. अंगातलं पाणी आटलं होतं, मूत्रपिंडं मंदावली होती. मॉर्फिनपासून शरीरात बनणारे घटक बाहेर न पडता साठत गेले होते. सलाइन लावलं, गोळी कमी मात्रेत पुन्हा सुरू केली, अंतर वाढवलं. चार दिवसांनी अप्पांनी मला माझ्या नावानं हाक मारली.

डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. मॉर्फिन मेंदूतल्या ज्या जागांवर बसून वेदनेचा निरोप दाबतं, तशा जागा हिप्पोकॅम्पसमध्येही असतात, आणि नवी आठवण तिथेच रुजते. पण न दबलेली वेदना, जागरण आणि भीती यांनी वाढणारं कॉर्टिसोलही त्याच भागावर भार टाकतं. म्हणजे अप्पांचं विसरणं एकट्या गोळीच्या माथी मारणं चूक होतं.

पुढे एकदा वही चाळताना एक नोंद दिसली: ‘रात्री २.१०. गोळी दिली. पाणी मागितलं. हात धरून बसलो.’ अक्षर माझं. मला ती रात्र मुळीच आठवेना. मी तर साधी झोपेची गोळीही घेतली नव्हती. दीड महिना सलग झोप नव्हती, एवढंच. अप्पांना विचारलं. ते म्हणाले, “तू रडत होतास. मी झोपल्याचं सोंग केलं.”

घरात असा रुग्ण असेल आणि तो बरळू लागला, तर गोळी आपल्या मनानं बंद करू नका. लघवी, पाणी, झोप यांची नोंद घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि रात्रीची पाळी एकट्यावर ठेवू नका.