निरोपाचा भूप

स्कॉटलंडच्या रॉबर्ट बर्न्सने एका जुन्या लोकगीताचे अवशेष वेचून, त्यांत स्वतःची कडवी मिसळून, १७८८ साली जे गीत जेम्स जॉन्सन या संग्राहकाकडे रवाना केले, ते ‘ऑल्ड लँग साइन’ छापून आले १७९६ मध्ये, कवीच्या निधनानंतर. आणि आज सर्वत्र रूढ असलेली चाल तर त्याला १७९९ मध्ये लाभली. आज रात्री ते पुन्हा ऐकताना जाणवले की, जगाने ज्याला निरोपगीत मानले, ते वस्तुतः पुनर्भेटीचे गीत आहे: डोंगरउतारावर एकत्र फुले वेचलेले, ओढ्यात पाय भिजवलेले दोन मित्र मधला अफाट समुद्र ओलांडून पुन्हा समोरासमोर आले आहेत. मला हे फार मोलाचे वाटते.

त्याची चाल मध्यम-निषाद वर्ज्य करून चालते, म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर. रवींद्रनाथांना तिच्यावर बंगाली शब्द बांधावेसे वाटले, यात मला नवल वाटत नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, तीन वर्षे एका पंगतीत जेवलेले, एकत्र शिक्षा भोगलेले छात्र याच सुरावटीवर निरोपाच्या संचलनात संथ पावलांनी ‘अंतिम पग’ ओलांडतात. पुढे कोणी भूदलात, कोणी नौदलात, कोणी हवाई दलात रुजू व्हायचा. त्या क्षणी या गीताने शोक न आळवता सख्याच्या भेटीचे अभिवचन द्यावे, याबद्दल मी त्या स्कॉटिश कवीचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.