रक्ताची दुसरी तपासणी

गेल्या रब्बीतली गोष्ट. शेतीपंपाची वीज रात्रीची होती. आमचे दादा गव्हाला पाणी द्यायला गेले आणि पहाटे चारच्या सुमारास छाती चोळीत परत आले. "पित्त झालंय," म्हणाले. वहिनींनी लिंबू पिळून सरबत दिलं. पण थंडीच्या दिवसांत सदरा पिळावा इतका घाम आलेला. तुमच्याही घरी पित्तच म्हटलं असतं. आपल्याकडे छातीतल्या सगळ्या कळांना तेवढंच एक नाव!

तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पाच वाजले. छातीची पट्टी काढली. तीत ठळक काही दिसेना. मग रक्त घेऊन ट्रोपोनिनची तपासणी केली, तीही निगेटिव्ह. मला हायसं वाटलं. घरी म्हशी धारेच्या खोळंबल्या होत्या. मी दादांना म्हटलं, "चला."

डॉक्टर आमच्या पोराच्या वयाचे. "काका, तीन तास थांबा. पुन्हा रक्त घेऊ," म्हणाले. खरं सांगतो, मनात आलं, हे बिल वाढवताहेत.

ते चिडले नाहीत. त्यांनी समजावलं ते असं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. एरवी रक्तात ते नसल्यातच जमा. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी तुंबली की तिच्यावर जगणारा स्नायू मरू लागतो आणि हे प्रथिन रक्तात उतरतं. पण त्याला वेळ लागतो. मोटार सुरू केली म्हणून शेवटच्या वाफ्यात लगेच पाणी दिसतं का? साध्या तपासणीत ते दिसायला तीन-चार तास तरी जातात, कधी जास्तही. हल्लीच्या जास्त बारीक तपासणीत लवकर कळतं, पण तिथंही बहुधा एक ते तीन तासांनी दुसऱ्यांदा रक्त घेतात. एकदा वाढलं की मात्र ते आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस टिकतं. पट्टीतच झटका स्पष्ट दिसला, तर रक्ताच्या कागदासाठी कोणी थांबत नाही, लगेच उपचार सुरू करतात.

पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं बरं का. 1954 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दाखवलं, की झटक्यानंतर रक्तात एसजीओटी वाढतं. पण ते यकृत बिघडलं तरी वाढतं! ट्रोपोनिनची खूण त्याहून पक्की. मूत्रपिंडाच्या जुन्या दुखण्यातही ते थोडं वाढलेलं असतं. म्हणून आकडा चढतोय की तिथंच आहे, हे पाहायलाही दुसरं रक्त लागतं.

दादा मात्र ऐकेनात. "दुखायचं थांबलंय, मला काही झालेलं नाही," म्हणत चपला शोधू लागले. वहिनींनी त्या उचलून पिशवीत घातल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

सव्वाआठला दुसरा कागद आला. पॉझिटिव्ह. 108 च्या गाडीनं जिल्ह्याला नेलं, त्याच दिवशी धमनीत फुगा घालून स्टेंट बसवला. म्हशींच्या धारा शेजारच्यांनी काढल्या होत्या. चपला चार दिवस वहिनींच्या पिशवीतच होत्या.