उसना दशक

२०१९ च्या जूनमध्ये माण तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत माझी बदली झाली. पहिली आणि चौथी मुख्याध्यापकांकडे, दुसरी आणि तिसरी माझ्याकडे. एकच खोली, एकच फळा. मधोमध खडूची उभी रेघ मारायची, डावीकडे दुसरी, उजवीकडे तिसरी. तिसरीच्या पटावर नऊ मुलं होती. त्यांतली दोघं पहिला आठवडाभर आलीच नाहीत. घरची जनावरं अजून चारा छावणीत होती आणि जनावरांबरोबर घरही तिथंच होतं.

त्याआधी आठ वर्षं मी पहिलीच शिकवली होती. पहिलीतलं मूल तुमचं सगळं ऐकतं. बाईंनी सांगितलं ना, मग तसंच. घरात कुणी वेगळं म्हणालं तर ते घरच्यांनाच खोटं पाडतं. तिसरीचीही मुलं तशीच असणार, वयात फरक तो किती, असं धरून मी वर्गात गेले होते.

पहिल्या पंधरवड्यात वजाबाकीची उजळणी काढली. फळ्यावर ५२, त्याखाली २७. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून आणले होते. एक गठ्ठा सोडायचा, दशक सुटा करायचा, मग बारातून सात काढायचे. पुस्तकाची रीत हीच. पण तोंडाला जुनी सवय. मी म्हणाले, “दोनातून सात जात नाहीत. मग काय करू? शेजारच्या दशकाकडून एक उसना घेऊ.”

मागून आवाज आला, “बाई, मग माघारी कवा द्यायचा?”

विचारणारा पोरगा आज्जा-आज्जीकडे राहायचा. उसनं आणलेलं पीठ, चहापत्ती, रॉकेलची बाटली माघारी द्यायला घरातून त्यालाच धाडत. या व्यवहारातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी म्हणाले, “अरे, संख्या एकच आहे, तिचं तिलाच दिलं, माघारी कशाला?” तो गप्प बसला, पण पटलं नव्हतं. जाताना त्यानं काड्यांचा एक गठ्ठा मागितला. आज्जाला दाखवायचा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याची वही उघडली तर सगळी उत्तरं बरोबर, पण प्रत्येक उदाहरणात खालच्या संख्येच्या डोक्यावर बारीक १ लिहिलेला. “आज्जानं सांगितलं, घेतलेलं खालच्याला माघारी द्यायचं.” बारातून सात गेले पाच. हातचा एक खालच्या दोनाला, झाले तीन. पाचातून तीन गेले दोन. पंचवीस.

माझे वडील अशीच वजाबाकी करायचे. लहानपणी मीही तशीच करत होते, डी.एड.ला गेल्यावर सोडून दिली. पण खालच्याला दिलेल्या त्या एकामुळे उत्तर बरोबर का येतं, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

पुढे तीन अंकी वजाबाकी आली. ५०३ वजा २६८. मधल्या शून्याशी तिसरीचा वर्ग दरवर्षी अडतो. दशकाकडे द्यायला काहीच नाही, म्हणून आधी शतकाकडे जायचं, तो सुटा करून दहा दशक, त्यातला एक सुटा करून दहा एकक. निम्मी मुलं वाटेतच हरवली. आज्जाचा पोरगा मात्र तेरातून आठ, दहातून सात, पाचातून तीन असं म्हणत २३५ लिहून मोकळा झाला. मी हट्टानं म्हणाले, “आज्जांना बोलाव.”

म्हातारबा आले ते उंबऱ्यावरच बसले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. तरुणपणी ते बाजार समितीत मापाडी होते. मी विचारलं, हे माघारी द्यायचं म्हणजे नेमकं काय? त्यांनी दोन्ही हात पारड्यासारखे धरले. “बाई, दोन्ही पारड्यांत सारखंच टाकलं तर काटा हलतुया व्हय?” वरच्या संख्येत दहा एकक टाकले, खालच्या संख्येत एक दशक टाकला. फरक आहे तेवढाच राहिला. एवढंच होतं ते. त्या दिवसापासून माझ्या तिसरीत वजाबाकीच्या दोन रीती चालू झाल्या. तपासणीला आलेल्या साहेबांना ते आवडलं नाही, म्हणाले, मुलांचा गोंधळ होईल. गोंधळ मुलांचा झाला नाही.

तिसरीत हे होतं, हे मला त्या वर्षी हळूहळू कळत गेलं. अ-आ-इ आणि एक-दोन-तीन शिकवताना पुस्तक घरात फारसं शिरत नाही. तिसरीत ते पाणी कुठून येतं विचारतं, घरात कोण काय काम करतं विचारतं, गाव, तालुका, जिल्हा काढतं. आणि घराला त्यातलं पुष्कळ आधीपासून ठाऊक असतं. मग घर उलट बोलतं.

जुलै आला तरी टँकर चालूच होते. आमच्या खोलीच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसायची. टँकर आला की शिकवणं थांबायचं, निम्म्या मुलांना हंडा धरायला पळावं लागायचं. टँकरवर रंगवलेलं होतं, १२,००० लि. एका मुलीनं विचारलं, “बाई, ह्यो आकडा आपल्याला हाय का?” नव्हता. तिसरीला चार अंकी संख्या, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवला आमची शीव संपायची. पण रोज दारात येणारा आकडा अभ्यासक्रमात नाही असं कसं सांगणार? हजाराच्या डावीकडे आणखी एक घर आखलं, दशहजार.

मग हंडा मोजला. लिटरच्या बाटलीनं पाणी ओतत गेलो, चौदाच्या वर आणि पंधराच्या थोडं खाली भरलं. पंधरा धरायचं ठरलं. बारा हजाराला पंधरानं भागणं तिसरीला जमणारं नाही, म्हणून मुलं उलटी निघाली. दहा हंडे, दीडशे लिटर. शंभर हंडे, दीड हजार. दोनशे हंडे, तीन हजार. तीन हजार चारदा म्हणजे बारा हजार, म्हणून आठशे हंडे. हा हिशेब मी सांगितलेला नाही, फळ्याजवळ उभं राहून त्यांचं त्यांनी भांडत भांडत काढलं. गावात घरं एकशे साठ. घरटी पाच हंडे.

“आमच्या घरला तीनच आलं,” एक म्हणाली.

“आमच्यात बी तीनच.”

“मग बाकीचं कुठं गेलं?”

कुणाच्या दारातल्या बॅरलमध्ये किती जातं, हे मुलांना पक्कं माहीत होतं. त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. मी घाईघाईनं डस्टर उचललं आणि म्हणाले, आता भाषेचा तास. दुसरीतली पोरंसुद्धा माझ्याकडे बघत होती.

भाषेत मात्र चूक माझीच निघाली, आणि तीही बरेच दिवसांनी. एका उत्तरात आज्जाच्या पोरानं ‘तो माघारी आला’ असं लिहिलं होतं. मी लाल पेनानं ‘माघारी’ खोडून ‘परत’ केलं. नंतर एकदा विचार करत बसले, काय चुकलं होतं त्यात? ‘माघार’ आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो, ‘माघारी’ तेवढा खेडवळ कसा? जोडाक्षरं, विरामचिन्हं, वचन, लिंग हे सगळं तिसरीत शिकवायचं असतं, ते शिकवलंच. पण लाल पेन जरा जपून वापरायला लागले. ‘पानी’चं ‘पाणी’ करायचं, ‘माघारी’ तसंच ठेवायचं.

त्याच सुमारास दहावा मुलगा आला. आमच्या भागातली बरीच माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत, सोनं-चांदी गाळण्याची दुकानं चालवतात. याच्या बापाचं दुकान तमिळनाडूत. दोन वर्षं तिथल्या शाळेत काढून आईबरोबर गावी आला होता. मराठी बोलायचा छान, वाचायला मात्र एकेका अक्षरावर थांबायचा. त्याला तिसरीत बसवावं की दुसरीत, यावर आमची चर्चा झाली आणि तो तिसरीतच राहिला.

नेमकं त्याच जूनमध्ये दुसरीच्या गणिताचं नवं पुस्तक आलं होतं. त्यात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन दिलेलं, आणि त्यावरून वाद थेट विधानसभेत गेला होता. आमच्या पारावरही त्याची टिंगल चालायची. फळ्याच्या डाव्या बाजूला मी ते शिकवत होते, खरं सांगायचं तर जरा नाखुशीनंच. उजव्या बाजूला तिसरीला तीन अंकी संख्या ऐकून लिहायला दिल्या होत्या. ‘तीनशे एकोणसत्तर’ म्हटलं की तिघा-चौघांचं ३७९ यायचं. सत्तर ऐकू आलं की हात सात लिहून मोकळा, मागचा ‘एकोण’ वाऱ्यावर. नवा पोरगा डावीकडे बघत बसला होता. तो म्हणाला, “बाई, आमच्याकडं हे असंच म्हणत्यात. इरुबत्ति ओण्णु.” इरुबदु म्हणजे वीस, ओण्णु म्हणजे एक. आधी दशक, मग एकक. एकोणसत्तर तो आधी मनात तमिळमध्ये करायचा, साठ आणि नऊ, आणि मग लिहायचा. त्याचं कधी चुकलं नाही. त्यानंतर ‘वीस एक’ शिकवताना माझी नाखुशी गेली, आणि आठवडाभर वर्गाची हजेरी तमिळ आकड्यांत झाली. इंग्रजीच्या तासाला मात्र सगळे सारखेच अडखळत होते, माझ्यासकट.

परिसर अभ्यासाचं तिसरीचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं असतं. आमचं साताऱ्याचं. अकरा तालुके, कृष्णा, कोयना, माणगंगा. नकाशा भिंतीवर लावला की मुलांना उत्तर दिशा आभाळात आहे असं वाटतं, म्हणून मी तो जमिनीवर अंथरला आणि त्याची उत्तर खरोखरच्या उत्तरेकडे फिरवली. मुलं भोवती बसली. मेंढपाळाची एक मुलगी वर्गात होती. मेंढरांबरोबर घाट उतरून कोकणात जाऊन आलेली, वर्षातले काही महिने गैरहजर, वाचनात सगळ्यांच्या मागे. पश्चिम कुठली, असं विचारल्यावर बाकीचे दारं-खिडक्या बघायला लागले. ती म्हणाली, “सकाळच्या पारी चालताना सावली म्होरं पडली की तिकडं.”

पुढे २०२१ मध्ये निपुण भारत अभियान आलं. तिसरी संपताना मुलानं अनोळखी उतारा मिनिटाला निदान साठ शब्दांनी वाचावा, असं त्यात ठरलं आहे. ठरवावंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. वाचता न येणारं मूल पुढे प्रत्येक विषयात अडतं, हे मी पाहिलेलं आहे. मेंढपाळाची ती मुलगी माझ्या तिसरीत मिनिटाला वीस शब्दसुद्धा वाचत नव्हती. मी तिला रोज मधल्या सुट्टीत वाचायला बसवत होते, आणि दिवाळीनंतर ती पुन्हा मेंढरांबरोबर गेली.

त्या नकाशावर आम्ही पाऊस मांडला. गणितात चित्ररूप माहिती असते, तीच इथं आणली. एक थेंब म्हणजे पाचशे मिलिमीटर. आमच्याकडे वर्षाला पाचशेच्या आत-बाहेर पडतो, म्हणून माणवर एक थेंब. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या आसपास, तिथं अकरा. कागदाचे निळे थेंब कापून ठेवले. नकाशावर महाबळेश्वर दिसेनासं झालं. मुलं बराच वेळ काही बोलली नाहीत. मग एकानं विचारलं, “बाई, ह्यो आपलाच जिल्हा हाय न्हवं?” आज्जाच्या पोरानं एक थेंब उचलून आमच्याकडे सरकवला. “उसना घेऊ.” जिल्ह्याच्या पावसाळी बाजूच्या उरमोडी धरणाचं पाणी तोवर माणच्या काही गावांत पोचलं होतं, म्हणजे पोरानं काही जगावेगळं काढलेलं नव्हतं. आमच्या गावात ते आलेलं नव्हतं, एवढंच.

त्या वर्षी परतीचा पाऊस मात्र बदाबदा पडला. शाळेपुढच्या ओढ्याला आलेलं पाणी बघायला आम्ही दोन्ही वर्ग नेले आणि त्या दिवशी काहीच शिकवलं नाही.

२०२० च्या मार्चच्या मध्यात कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. वार्षिक परीक्षा झालीच नाही. पाव, अर्धा, पाऊण शिकवून झालं होतं, घड्याळ निम्मं राहिलं होतं. सगळी मुलं तशीच चौथीत गेली.

पावसाळा लागल्यावर चौथीची पुस्तकं घरोघर वाटायला मी गावात फिरले. तोंडाला ओढणी बांधलेली, त्यामुळे दोन घरांत मला ओळखलंच नाही. आज्जाचा पोरगा वट्ट्यावर बसला होता. पुस्तकं हातात घेतली, लांबूनच नमस्कार केला आणि आत पळाला. बाहेर आला तो खराट्याच्या काड्यांचा गठ्ठा घेऊन. वर्षापूर्वी नेलेला, दोरा तोच. “माघारी द्यायचा ऱ्हायला हुता.”

मी मोजल्या. नऊच होत्या.

“एक आज्जानं दात कोराय घेतली,” तो म्हणाला.