नव्या यंत्रात जुनी खतावणी

दिवाळीच्या पाडव्याला नवी वही मांडली म्हणून आपल्या पेढ्यांवर जुनी वही कोणी रद्दीत घालीत नाही. ती कापडात बांधून माळ्यावर जाते आणि तीस वर्षांनी कोणी विचारले तरी उघडता येते. वाचायला डोळे आणि उजेड एवढेच लागते. संगणकातल्या वहीचे तसे नाही, हे गेल्या पावसाळ्यात आम्हाला कळून आले.

बार्शीच्या भुसार बाजारात आमची अडत. १९९६ साली गावातल्याच एका तरुणाने आम्हाला डॉसवर चालणारा हिशेबाचा प्रोग्राम फॉक्सप्रोमध्ये लिहून दिला. हमाली, तोलाई, उचल, शेतकऱ्याची पट्टी, सारे आमच्या रिवाजाप्रमाणे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर चालू हिशेब नव्या प्रणालीत गेले. एकवीस वर्षांची खतावणी मात्र विंडोज एक्सपीच्या जुन्या संगणकातच राहिली. त्या संगणकाचा मदरबोर्ड गेला. हार्डडिस्क तेवढी शाबूत निघाली.

त्याच आठवड्यात वैरागकडून एक बाई आल्या. त्यांच्या दिवंगत वडिलांनी २००३ साली तुरीच्या पट्टीतली काही रक्कम आमच्याकडे ठेवली होती, असे त्यांचे म्हणणे. चिठ्ठी नव्हती. जीएसटी कायदा वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपायला सांगतो; त्यामानाने ही गोष्ट फारच जुनी. वडील एवढेच म्हणाले, “त्यांचे निघत असेल तर ते आपले नाही. बघून सांग.”

बघायचे कशात? नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ होते. ती प्रणाली केवळ ६४ बिटांची, आणि ६४ बिटांच्या विंडोजमध्ये डॉसच्या काळातले १६ बिटांचे प्रोग्राम चालतच नाहीत. दुरुस्तीवाल्याने सुचवले की लॅपटॉप पुसून त्यावर जुनी विंडोजच बसवावी. ऐकायला सोपे. पण एक्सपी २००१ सालची आणि विंडोज ७ देखील २००९ची. त्यांच्या मूळ तबकडीला आजची एनव्हीएमई डिस्क ओळखू येत नाही. यूएसबी ३ची ओळख नसल्याने स्थापनेच्या पहिल्याच पडद्यावर माऊस निश्चल पडतो. ड्रायव्हर बाहेरून घुसडून हे अडथळे काही अंशी ओलांडता येतात, तरी ग्राफिक्स आणि वायफाय यांचे ड्रायव्हर बहुधा निर्मात्यांनी लिहिलेलेच नसतात. शिवाय एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात त्यावर अशी प्रणाली बसवणे म्हणजे तिजोरीच्या खोलीचे दार काढून ठेवणे. मी नकार दिला.

माझ्या पुतण्याने दुसरा मार्ग काढला. व्हर्च्युअलबॉक्स नावाचा मोफत प्रोग्राम नव्या प्रणालीच्या आत एक कल्पित संगणक उभा करतो; त्या कल्पित संगणकाची डिस्क आणि पडदा जुन्या धाटणीचे असल्याने एक्सपी तिथे निमूटपणे नांदते. संगणकासोबत आलेला परवाना बहुधा त्या संगणकालाच बांधलेला असतो. आमची तबकडी सुदैवाने स्वतंत्र विकत घेतलेली, पावतीसह फाइलमध्ये होती. आतल्या एक्सपीचे नेटवर्क पुतण्याने पहिल्याच दिवशी तोडले.

एवढे झाल्यावर खतावणी उघडली नाहीच. ‘भागाकार बिघडला’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना देऊन प्रोग्राम बंद पडे. कारण मोठे गमतीचे निघाले. त्या काळचे असे प्रोग्राम सुरू होताना यंत्राचा वेग मोजत. नव्या यंत्रात ती मोजणी इतक्या झटपट उरकते की पुढचे गणितच फसते. यंत्र मंद असल्याची तक्रार आपण नेहमी ऐकतो, इथे ते फार चपळ ठरले! यावर तयार दुरुस्ती फार पूर्वीच निघालेली होती. ती लावल्यावर निळा पडदा उजळला.

माहितीच्या डीबीएफ फाइली लिब्रेऑफिसमध्येही उघडतात, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. आम्ही तेही करून पाहिले. आकडे दिसतात, परंतु कोणती उचल कोणत्या पट्टीतून वळती झाली, व्याज कोणत्या तिथीपासून धरले, हा संबंध प्रोग्रामाच्या पोटात आहे. आता दर महिन्याला त्या फाइलींची एक प्रत आणि संपूर्ण कल्पित संगणकाची एक प्रत अशा दोन्ही बाहेरच्या डिस्कवर ठेवतो.

आमचे मुनीमजी सत्तरीच्या पुढचे. नव्या प्रणालीत ते चाचपडतात. निळ्या पडद्यासमोर बसताच त्यांची बोटे आपोआप चालू लागली. मी म्हटले, “मुनीमजी, नावावरून शोधू या का?” “नको भाऊ, खाते क्रमांक आठवतो,” ते म्हणाले, आणि खरेच आठवत होता.

ठेव होती. २००५ साली तिच्यातली निम्म्याहून अधिक रक्कम उचललेली होती, बाकी तशीच पडून होती. वडिलांनी व्याज धरायला सांगितले. उचलीसमोर रोमन लिपीत शेरा होता: ‘मुलीचे लग्न’. बाई पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. ते लग्न त्यांचेच. त्यांना त्या पानाची प्रत हवी होती. पण आतल्या एक्सपीतून नव्या प्रिंटरवर छपाई अजून जमली नव्हती. मुनीमजींनी पेढीच्या कागदावर सारे खाते ओळीने उतरवून, खाली सही करून त्यांच्या हाती दिले.