काळोख काळा नसतो!

परवा रात्री सिंधुदुर्गातल्या वालावलात वीज गेली आणि माझं भाग्य उजळलं! भाचा इलेक्ट्रिशियन आहे. पॅनेलमधली कुठली जोडणी तापतेय ते शोधायला त्याने मोबाइलला लावायचा छोटा थर्मल कॅमेरा घेतलाय. तो घेऊन आम्ही लक्ष्मीनारायणाच्या देवळाशेजारच्या तळ्यावर गेलो. सोबत शेजारचे काका, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी पडद्यावर पाहिलं आणि ओरडलोच!

जांभ्याचा गडगा निखाऱ्यासारखा फुललेला! दिवसभराचं ऊन त्याने अजून पोटात धरून ठेवलं होतं. माडाआडून निघालेलं मांजर म्हणजे चालता दिवा. लाकडी बाकावर मी पंजा टेकवून उचलला, तर पाचही बोटं तिथेच राहिली, हळूहळू विझत गेली. मला उजेडाशिवाय दिसत होतं! काकांनी कॅमेरा स्कूटरकडे वळवला. अर्ध्या तासापूर्वी उभी केलेली, तरी इंजिन आणि सायलेन्सर लखलखत होते. "इंजिन बंद केलंस म्हणून ऊब जाता खंय?" काका म्हणाले. "रणगाडो असोच गावता."

आणि मग त्यांनी जे सांगितलं, त्याने माझी झोप उडाली. काका रणगाडाभेदी 'मिलान' क्षेपणास्त्राच्या तुकडीत होते. या क्षेपणास्त्रामागून बारीक तार उलगडत जाते, त्या तारेतून त्याला दिशा मिळते. दोन किलोमीटर गाठायला साडेबारा सेकंद लागतात आणि तेवढा वेळ नेमबाजाने साईटमधली, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीतली, फुली रणगाड्यावरून हलू द्यायची नाही. म्हणजे अमावस्येच्या रात्री नुसत्या डोळ्यांना शंभर पावलांवरचं दिसत नसेल, तर दोन किलोमीटरच्या माऱ्याचा उपयोग काय? क्षेपणास्त्राचा पल्ला म्हणजे शेवटी नजरेचा पल्ला! थर्मल साईट लावली की रणगाड्याचं तापलेलं इंजिन आणि घासून गरम झालेले पट्टे काळोखात उठून दिसतात.

अशी नजर नसली की काय होतं, त्यासाठी राजस्थानातली लोंगेवालाची लढाई आठवा. ४ डिसेंबर १९७१ची रात्र. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांचे सुमारे १२० जवान. पाकिस्तानी रणगाड्यांची घरघर कानांवर येत होती, पण आपल्या हंटर विमानांकडे रात्री लढण्याची साधनं नव्हती. उजाडेपर्यंत त्या जवानांना ठाण मांडून राहावं लागलं. उजेडाची वाट पाहणं किती महाग असतं, ते मला परवा कळलं.

यामागचं विज्ञान तर आणखी वेड लावणारं! १८००मध्ये विल्यम हर्शेलने प्रकाशाच्या सात रंगांपैकी लालच्या पलीकडे तापमापक ठेवला. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं, तरी पारा चढला. तेच हे अवरक्त किरण. त्यांतले थर्मल साईटला लागणारे किरण साध्या काचेतून पार होत नाहीत, म्हणून या साईटचं भिंग जर्मेनियमचं असतं. उत्तम साईटमधला संवेदक उणे १९० अंशांच्याही खाली गार ठेवतात, नाहीतर तो स्वतःच्याच उबेने गांगरेल. आणि या डोळ्यालाही कातरवेळ चुकत नाही! सकाळ-संध्याकाळ एक वेळ अशी येते, की वस्तू आणि जमीन सारख्याच तापमानावर येतात आणि चित्र पुसट होतं. आपल्याकडचा धोधो पाऊसही त्याला अंधुक करतो.

भाचा म्हणाला, "आंबोलीचो चापडो हेच करता!" खरंच की! मलबारी चापडा या सापाच्या डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खळगीला काळोखातल्या उंदराची ऊब कळते. आपल्या सह्याद्रीत ही साईट आधीपासूनच होती!

आता तर हा डोळा क्षेपणास्त्राच्या नाकातच बसलाय. 'नाग' क्षेपणास्त्र आपलं लक्ष्य उबेवरून स्वतः धरून ठेवतं. जवानाने खांद्यावरून वाहून न्यायच्या नव्या स्वदेशी क्षेपणास्त्राची चाचणी सप्टेंबर २०१८मध्ये आपल्याच अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, माळावर झाली. तरी ते डागण्याआधी लक्ष्य शोधणारा जवान लागतोच. त्याच्या हातात चांगली साईट असणं ही चैन नाही, तो त्याचा हक्क आहे.

शिक्षकांनो, एक विनंती. सिंधुदुर्गातली कितीतरी मुलं सैन्यात जातात. असा कॅमेरा एका रात्रीपुरता मागून आणा आणि मुलांना तळ्याकाठी घेऊन जा. पुस्तकातले अवरक्त किरण त्यांना बाकावरच्या स्वतःच्या पंज्यात दिसतील.