रशियन की थ्रीडी?

नेल टेक्निशियनचं प्रमाणपत्र हातात असलं की दिल्लीत पुढच्या कोर्सांना तोटा नाही. लाजपतनगर, राजौरी गार्डन, नोएडाचं सेक्टर १८, जिथे जाल तिथे अकादमीची पाटी. माझी निवड शेवटी दोनांवर आली: थ्रीडी नेल आर्ट, किंवा ई-फाइल मशीनने कोरडं करायचं मॅनिक्युअर, ज्याला सगळे रशियन म्हणतात.

सासूबाईंचा कौल थ्रीडीला. "अगं, लग्नात नवरीची नखं दिसतात, तुझं मशीन कोण बघतंय?" दिल्लीची लग्नसराई पाहता हे बिनतोड होतं. पण माझ्या खुर्चीत बसणाऱ्या बहुतेकजणी येतात त्या रिफिलला, नाहीतर आधीचं एक्स्टेंशन काढायला. कुणाचं मुळाशी सुटलेलं, कुणी ओढून काढल्याने नखाचा वरचा थरही गेलेला. असं लिफ्टिंग बरेचदा तयारीतच ठरतं: क्युटिकलचा पापुद्रा नखावर राहिला की जेल त्याला चिकटतं, नखाला नाही. त्यावर गुलाब काढून काय उपयोग?

मग चौकशी सुरू केली. बॅचमध्ये किती जणी, सराव प्लास्टिकच्या हातावर की खऱ्या, याची उत्तरं भराभर मिळाली. "कुठल्या जेलला कुठला लॅम्प?" म्हटल्यावर एका ठिकाणची काउन्सिलर हसली. "मॅडम, लॅम्प तो सब एक जैसे होते हैं." तिथून मी सरळ मेट्रो गाठली.

कारण लॅम्प जेलशी जुळला नाही तर ते आतून कच्चं राहतं. जेलमधलं कच्चं ॲक्रिलेट त्वचेला वारंवार लागलं की ॲलर्जी होऊ शकते. झाली की सहसा जन्माची, आणि दातांच्या काही फिलिंगमध्येही त्याच कुळातली रसायनं असतात. ग्राहक तासाभराने उठून जाते, आपला हात दिवसभर त्यातच. शिवाय लॅम्पखाली जेल कडक व्हायला त्यात घालतात त्या टीपीओ या घटकावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५पासून बंदी घातली. आपल्याकडे डब्यामागची बारीक अक्षरं वाचायला शिकवणारा कोर्स मला हवा होता, आणि मॅनिक्युअरवाल्या एका बाईंकडे तो मिळाला. प्रमाणपत्रावर झगमगाट नाही, फी मात्र थ्रीडीहून जास्त.

त्यांनी पहिल्या दिवशी मशीन हातातच दिलं नाही. आधी मास्क, नायट्राइल ग्लोव्ह्ज, धूळ ओढणारा पंखा. मग मशीनची बिट कशाने घासायची, ऑटोक्लेव्हमध्ये कशी ठेवायची. वैतागच आला. मशीन मिळालं तेव्हा वेग अगदी कमी, बिट नखाला समांतर, आणि एका जागी थांबायचं नाही, थांबलं की नख तापतं. सरावाला त्यांनी स्वतःचाच हात पुढे केला.