ओसरलेली गर्दी

ताप उतरलाय, पण अंगात त्राण नाही. पडल्या पडल्या गिटारवादक हेंड्रिक्सच्या वुडस्टॉक संगीत महोत्सवातल्या वादनाची नव्याने निघालेली तबकडी ऐकतोय. रविवारी रात्रीचं वादन लांबत लांबत १८ ऑगस्ट १९६९ची सोमवार सकाळ उजाडली. चार लाख श्रोत्यांतले बहुतेक जण तोवर घरी निघाले होते. मागे चिखल आणि त्याची पांढरी स्ट्रॅटोकास्टर गिटार. अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवताना तारांतून बॉम्ब पडतात, व्हिएतनामचेच असणार. मला मात्र ते निघून गेलेले लोक सोडत नाहीत. वाटेवरच्या कुणाच्या कानी हे दुरून आलं असेल? आणि तो थबकला असेल?

तबकडीची बाजू उलटायला उठावं लागतं. बरंच आहे, सलग झेपलं नसतं. सोबतचे दोन तालवादक जेमतेम ऐकू येतात, ते मात्र खटकतं.